नादशिळेचे सहा दिवस

नार्नूरच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून आत वळलं की सागाच्या झाडांमागे नादमहाराजांचा मठ लागतो. मठ म्हणजे पत्र्याचं मोठं छप्पर, सारवलेलं अंगण आणि मधोमध सिमेंटचा ओटा. दर गुरुवारी सकाळी तिथे तीन-चारशे माणसं जमायची. मार्चमधल्या त्या गुरुवारी ओट्यावर महाराजांसमोर माझा नवरा मांडी घालून बसला होता. अंगातला सदरा काढलेला.

महाराजांनी भगव्या फडक्यात गुंडाळलेली शिळा कपाळाला लावली आणि माझ्या नवऱ्याच्या डाव्या खांद्याखाली, कातडीतून जिथे उंचवटा दिसतो तिथे अलगद टेकवली. आणि त्याची छाती वाजली.

खरंच वाजली. बारीक, सलग, एकाच सुरातला आवाज. महाराजांच्या माणसाने माईक जवळ नेला, तसा तो आवाज अंगणभर झाला. वीसेक सेकंद चालला आणि आपोआप थांबला. माझ्या शेजारची म्हातारी हात जोडून पुटपुटली, "देव बोलून राह्यला वं माय."

मला काही वाटलं नाही. आश्चर्य नाही, भीती नाही, रागही नाही. मी गुडीहत्नूरच्या शाळेत अठरा वर्षं विज्ञान शिकवते. एरवी मी तिथल्या तिथे उभी राहून प्रश्न विचारले असते. त्या दिवशी माझ्या डोक्यात एवढंच होतं की कालपासून यांना धक्का बसलेला नाही.

महाराज माईकवर बोलू लागले. आवाज गोड, वाक्यं पाठ केलेली.

"भक्तांनो, या माणसाच्या काळजात भानामती बसली आहे. ती आतून चाबूक मारते. डॉक्टरांनी काय केलं? तिला बसायला एक डबी करून दिली." लोक हसले. "आमची नादशिळा त्या डबीचं तोंड बंद करते. आत्ता तुम्ही ऐकलंत तो भानामतीचा शेवटचा श्वास. याआधी तीन जणांचे फटके बंद केले. जा, विचारा त्यांना."

कुठे जाऊन विचारायचं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मग नियम सांगितले गेले. शिळा एकवीस दिवस छातीवरून हलवायची नाही. दवाखान्याची पायरी चढायची नाही. आणि शिळेजवळ लोखंड आणायचं नाही, कारण लोखंड शनीचं. मठाच्या दारातच एक टोपली ठेवलेली होती. बायका आत येताना त्यात केसांतले आकडे, साडीच्या पिना, किल्ल्या टाकत होत्या. मीही माझी साडीपिन टाकली होती. विज्ञानाच्या बाईने, स्वतःच्या हाताने.

माझं नाव अश्लेषा. माझा नवरा व्यंकटेश शेती खात्यात विस्तार अधिकारी आहे. दोन वर्षांपूर्वी कापसाच्या एका शेतात बोंडअळीबद्दल बोलता बोलता तो खाली पडला. शेतकऱ्यांनी पाणी मारलं, उठून बसला. पंधरा दिवसांनी पुन्हा पडला. तपासण्या होत होत आम्ही हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यात पोचलो. आधी क्षयाची शंका घेतली. छातीतल्या एका गाठीचा तुकडा तपासल्यावर कळलं की हा सारकॉइडोसिस नावाचा आजार आहे. शरीराच्या स्वतःच्या संरक्षक पेशी हृदयाच्या स्नायूत गोळा होतात, तिथे सूज येते, आणि सूज गेली तरी मागे वण राहतात. हृदयात वीज एका ठरलेल्या वाटेने फिरत असते. वणाजवळ ती अडते आणि तिथल्या तिथे गोल गोल फिरायला लागते. मग हृदय मिनिटाला पावणेदोनशे, दोनशे वेळा फडफडतं आणि रक्त पुढे जात नाही. माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो.

म्हणून छातीत कातडीखाली एक यंत्र बसवलं. काडीपेटीहून थोडं मोठं. ते सतत ठोक्यांवर लक्ष ठेवतं आणि लय बिघडली की आतून विजेचा धक्का देऊन ती ताळ्यावर आणतं.

"घोड्यानं आतून लाथ मारल्यासारखं वाटतं," पहिला धक्का बसल्यावर व्यंकटेश म्हणाला होता. तेव्हा आम्ही दोघंही हसलो होतो, कारण तो जिवंत होता.

यंदा फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी त्याला न्हाणीघर ते दवाखाना एवढ्या वाटेत, चाळीस मिनिटांत, अकरा धक्के बसले. तो पूर्ण शुद्धीवर होता. पहिल्या धक्क्याला तो ओरडला. पाचव्यापर्यंत मी रडत होते. सहाव्यानंतर मी नुसती मोजत होते. सात. आठ. त्या मोजण्यात माझ्या आतलं काहीतरी बंद पडलं आणि नंतर चालूच झालं नाही. शाळेत जायचे, शिकवायचे, हजेरी घ्यायचे. कुणी विचारलं तर सांगायचे, बरं आहे.

त्यानंतर व्यंकटेशने अंगावर पाणी घेणं सोडलं, कारण पहिला धक्का पाणी घेताना बसला होता. जिना चढणं सोडलं. मोठ्याने हसायचं नाही, शिंक आली तर दाबायची. दिवसभर एका लाकडी खुर्चीत बसून राहायचा. मी ओल्या फडक्याने त्याचं अंग पुसायचे.

हैदराबादच्या डॉक्टर देवश्री मूळच्या आदिलाबादच्या, त्यामुळे आमच्याशी मराठीत बोलायच्या. त्यांनी मांडीतून बारीक नळी घालून हृदयातली ती बिघडलेली जागा जाळायचा प्रयत्न केला. जमलं नाही. जागा दोन कप्प्यांमधल्या भिंतीत फार खोल होती, नळीचं टोक तिथवर पोचेना.

"मग आता काय?" मी विचारलं.

"एक मार्ग आहे," त्या म्हणाल्या. "कर्करोगाच्या गाठीवर सोडतात तसे किरण बाहेरून त्या एकाच जागेवर सोडायचे. एकदाच. वीसेक मिनिटं. चीर नाही, भूल नाही, टाका नाही."

"म्हणजे बरे होतील?"

"ते मी सांगू शकत नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं. "पद्धत नवी आहे. हृदयात सूज असलेल्या रुग्णांना तर फार थोड्यांना दिलेली आहे. काहींचे धक्के खूप कमी झाले. काहींना फरक पडला नाही. फुप्फुसाला किंवा हृदयाच्या आवरणाला त्रास होऊ शकतो. आधी गोळ्यांनी सूज उतरवू. तीन आठवड्यांनी स्कॅन करू. मग आमचे सगळे डॉक्टर बसून ठरवतील."

घरी येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. व्यंकटेशचे मोठे भाऊ चंपत वांकिडीकडच्या आमच्या गावाहून आले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"डॉक्टरीण बाई म्हणते, सांगता येत नाई," ते म्हणाले. "अन् महाराज म्हणतात एकवीस दिवसात बंद. आता तूच सांग, कोनाकडे नेऊ मी माह्या भावाले?"

माझ्याकडे उत्तर होतं. ते उच्चारायची ताकद नव्हती. व्यंकटेश भिंतीकडे बघत होता. तो म्हणाला, "जाऊ दे नं अश्लेषा. तीन आठवडे तसे बी बसूनच काढायचे आहेत." आणि आम्ही मठात गेलो.

शिळा चार बोटं रुंद, गोल, काळी, शेंदूर फासलेली होती. भगव्या पट्ट्याने ती छातीच्या यंत्रावर घट्ट बांधली होती. सहा दिवस एकही धक्का बसला नाही.

दुसऱ्या दिवशी व्यंकटेशने स्वतः डोक्यावरून पाणी घेतलं. पट्टा भिजू नये म्हणून वर गमछा गुंडाळला होता. तिसऱ्या दिवशी तो ओसरीत येऊन बसला. माझ्या सासूबाई लक्ष्मीबाई दर गुरुवारचा उपास धरायचं बोलल्या. चौथ्या दिवशी मी शाळेतून आल्यावर झोपले आणि सहा तास उठलेच नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे. ज्या सहा दिवसांत माझा नवरा सर्वांत जास्त धोक्यात होता, त्या सहा दिवसांत मी वर्षभरात झोपले नव्हते इतकी शांत झोपले.

खुणा होत्या. त्याचे ओठ पांढरट दिसायचे. जेवताना मधेच हात थांबायचा.

"फडफडते," तो म्हणायचा. "छातीत पाखरू कोंडल्यासारखं. पण मारत नाही. महाराजांनी मारणं बंद केलं."

"डॉक्टरांना फोन करू?"

"नको. ते पहिले शिळा काढा म्हणतील."

मी नाही केला फोन.

सहाव्या दिवशी, बुधवारी, मी दुपारी शाळेतून घरी आले. तो ओसरीत खुर्चीवर होता आणि मान एका बाजूला पडली होती. हाक मारली, उत्तर नाही. मानेला बोटं लावली तर नाडी हाताला लागेना, नुसती थरथर. श्वास मोकळा व्हावा म्हणून मी त्याच्यावर वाकून सदऱ्याची बटणं काढू लागले. शाळेतून तशीच आले होते, त्यामुळे खांद्यावर साडीपिन होती. ती पिन सैल झालेली होती. मी वाकले तशी ती साडीतून निसटली आणि खाली पडली नाही. सरळ जाऊन त्या भगव्या पट्ट्याला चिकटली.

मी तिच्याकडे पाहिलं. आठवीच्या वर्गात दरवर्षी मी हेच दाखवते.

यंत्र बसवलं त्या दिवशी दवाखान्याने एक कार्ड दिलं होतं. त्यावर काय काय टाळायचं ते लिहिलं होतं. चुंबक. मोठे लाऊडस्पीकर. मोबाईल छातीच्या खिशात ठेवू नये. ते कार्ड माझ्याच कपाटात होतं.

मी पट्ट्याची गाठ सोडायला गेले, सुटेना. आतून सुरी आणून पट्टा कापला आणि शिळा अंगणात फेकली. मनात मोजत होते. नऊ, दहा, अकरा. बाराव्या अंकाला व्यंकटेशचं सगळं अंग खुर्चीतून उडालं. माझा हात त्याच्या छातीवर होता, माझ्या कोपरापर्यंत मुंग्या आल्या. मग त्याने मोठा श्वास घेतला आणि डोळे उघडले.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं ते एवढंच: सुनेने शिळा काढली आणि पोराला फटका बसला.

"ठेव ते परत," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "काऊन काढलं तू? सहा दिवस सुखाचे गेले माह्या पोराचे."

व्यंकटेश थरथरत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तोही तेच म्हणाला. "ठेव नं परत. पाया पडतो तुह्या."

मला तेव्हा रडू यायला हवं होतं. आलं नाही, आणि त्याचा उपयोग झाला. मी आत गेले, लोखंडी सांडशी आणि उलथणं आणलं, अंगणातून शिळा उचलून आणली आणि त्याच्यापासून चार हात लांब, पायरीवर ठेवली. उलथणं खटकन शिळेला जाऊन बसलं. सांडशी लावली, तीही बसली. शिळा उचलली तर दोन्ही खाली लोंबत राहिली.

"देवाच्या शिळेत शक्ती असतेच," सासूबाई म्हणाल्या.

"असू दे," मी म्हटलं. "ती शक्ती काय करते ते विचारू."

मी डॉक्टर देवश्रींना फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि सगळं सांगितलं.

"व्यंकटेशराव, ऐकताय ना?" त्या म्हणाल्या. "तुमच्या यंत्राला चुंबक लावलं की त्याचं लक्ष ठेवणं थांबतं. ही सोय मुद्दामच ठेवलेली असते. ऑपरेशनच्या वेळी आम्हीही चुंबक वापरतो, पण तेव्हा शेजारी धक्का द्यायचं दुसरं यंत्र तयार असतं. चुंबक लागल्याचं कळावं म्हणून तुमचं यंत्र वीसेक सेकंद आवाज करतं. मठात वाजलं ते हेच. तुमचा पहारेकरी सहा दिवस डोळ्यांवर पट्टी बांधून बसला होता. चोर येत होते. तो मारत नव्हता, कारण त्याला दिसतच नव्हते."

"पन मॅडम, मले बरं वाटत होतं."

"धक्के नव्हते म्हणून. आजार तिथेच होता. आत्ता अश्लेषाताईंनी पट्टा कापला नसता तर मी हे तुमच्याशी बोलत नसते."

मी त्याच्यापुढे खाली बसले.

"तुमी शेतकऱ्यांना काय सांगता?" मी विचारलं. "नवीन औषध आलं की अर्ध्या वावरात मारा, अर्धं तसंच ठेवा, मग पाहा. महाराजांच्या शिळेचं कोणी असं पाहिलं का? ते तीन जण कुठं आहेत, कोणाला ठाऊक आहे का?"

त्याने शिळेला चिकटलेल्या सांडशीकडे पाहिलं. मग म्हणाला, "गाडी बोलाव."

संध्याकाळच्या आत आम्ही हैदराबादच्या वाटेला लागलो. तिथे यंत्रातली नोंद काढली. बाकी प्रत्येक दिवसाची काही ना काही नोंद होती. त्या सहा दिवसांची जागा कोरी होती.

तीन आठवडे पुरे झाले नव्हते, तरी गोळ्यांनी सूज बरीच उतरली होती. दोन दिवसांत स्कॅन झाला, डॉक्टरांची बैठक झाली आणि किरण द्यायचं ठरलं. आधी त्याच्या छाती-पाठीचा साचा घेतला, म्हणजे झोपल्यावर तो तसूभरही हलणार नाही. हृदयातली वीज कुठे अडते याचा नकाशा काढला. एका तरुण डॉक्टरने तो आम्हाला पडद्यावर दाखवला. जर्दाळूएवढी जागा होती. मी विचारलं, किरण बाकीच्या हृदयाला का जाळत नाहीत? त्याने सांगितलं: ते वेगवेगळ्या दिशांनी थोडे थोडे येतात आणि फक्त त्या जागी एकत्र होतात. मी विचारलं, चुकलं तर? त्यानेही तेच सांगितलं जे देवश्रींनी सांगितलं होतं. फुप्फुस. आवरण. कदाचित काहीच उपयोग नाही. मग कागद पुढे केला आणि म्हणाला, "वाचून, विचार करून सही करा. घाई नाही."

व्यंकटेशने सही केली.

मी काचेपलीकडे बसले. तो त्या साच्यात झोपला, धक्का देणारं दुसरं यंत्र घेऊन एक डॉक्टर दाराबाहेर तयार उभा राहिला, मग सगळे बाहेर आले आणि जाड दार बंद झालं. पडद्यावर तो दिसत होता. एक मोठा पांढरा हात त्याच्याभोवती फिरत होता. रक्त नाही, प्रकाश नाही, आवाजही जवळपास नाही. बावीस मिनिटांनी दार उघडलं. तो उठून बसला आणि म्हणाला, "झालं? मला वाटलं सुरू व्हायचं आहे."

बघणाऱ्याला हाच चमत्कार वाटला असता. पण इथे प्रत्येक पायरीवर थांबून "हे काय?" विचारता येत होतं आणि उत्तर मिळत होतं. कधी कधी उत्तर "माहीत नाही" असं होतं.

तिसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली. आम्ही घरी पोचलो त्या दिवशी चंपत भाऊजींचा फोन आला. आमच्या मागे ते एकटेच फिरत राहिले होते, त्या तिघांना शोधत.

"एक सापडला," ते म्हणाले. "बाकी दोघांचं नावबी कोनाले ठाऊक नाई. ह्यो आपल्या वांकिडीकडचाच. नागनाथ नाव. शिवणकाम करे. त्याच्याबी छातीत असंच यंत्र होतं. गेला तो अश्लेषा. दिवाळीतच. शिळा छातीवरच होती."

नागनाथच्या बायकोचं नाव चंदा. दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले. शिवणयंत्रावर चादर टाकलेली होती. शिळा तिने देवघरात ठेवली होती.

"जेवून कलंडले होते," तिने सांगितलं. "चेहरा लई शांत होता. महाराज म्हणाले, असं मरण नशीबवानाले भेटते. मीनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं."

मी तिला यंत्र, चुंबक, सगळं समजावून सांगितलं. दोनदा सांगितलं. ती रडली नाही. माझ्यासारखीच बसून राहिली. मग ती उठली, देवघरातली शिळा पदरात घेतली आणि म्हणाली, "गुरुवार कवा हाय?"

गुरुवारी आम्ही तिघं मठात गेलो. चंदा, भाऊजी आणि मी. टोपलीत मी काही टाकलं नाही. ओट्यावर कुणी आजारी बाई बसली होती, महाराज बोलत होते. मी सरळ ओट्यापाशी गेले आणि लोकांकडे तोंड केलं.

"मागच्या महिन्यात या ओट्यावर माझ्या नवऱ्याची छाती वाजली," मी म्हटलं. "तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकली. त्याचं कारण सांगायला आले."

"ताई, प्रसाद झाल्यावर बोला," महाराज हसून म्हणाले.

चंदाने तिची शिळा ओट्यावर ठेवली. मी आमची तिच्याजवळ नेली. वीतभर अंतर असतानाच दोन्ही शिळा एकमेकींवर आपटल्या. पुढच्या रांगेपर्यंत आवाज गेला. लोक पुढे सरकले.

महाराजांनी डोळे मिटून हात वर केला. "पाहा. शिव आणि शक्ती. दोन शिळांचं मीलन झालं."

मी आणि भाऊजींनी ओढून त्या वेगळ्या केल्या. मी आमची शिळा उलटी केली आणि पुन्हा जवळ नेली. आता चंदाची शिळा मागे सरकली. मी आणखी जवळ नेली, ती आणखी मागे सरकली, ओट्याच्या कडेपर्यंत.

"आता काय झालं?" मी विचारलं. "भांडले का?"

मागे कुणीतरी हसलं.

"शंका घेतली की शिळेतला देव निघून जातो," महाराज म्हणाले. "मग नुसता दगड उरतो."

"दगड असेल तर फोडून पाहू."

भाऊजींनी खिशातून चाकू काढून शेंदूर खरवडला. खाली काळी लाख होती. लाखेचा पापुद्रा निघाला आणि मधे मेण भरलेलं एक भोक दिसलं. मेण कोरून काढल्यावर हातात एक करडं, जाड कडं उरलं. मठाचा माईक सांभाळणारा पंकज नावाचा माणूस इतका वेळ मान लांब करून पाहत होता. तो पुढे आला, कडं हातात घेतलं, फिरवून पाहिलं.

"हे तर स्पीकरचं मॅग्नेट आहे," तो म्हणाला. "जुन्या बॉक्समधलं. असे चार बॉक्स आतल्या खोलीत खोलून ठेवले आहेत. मले सांगितलं होतं, जळाले म्हणून."

तो हे माईकजवळच बोलला, आणि ते अंगणभर ऐकू गेलं.

मी मग दोन मिनिटांत सांगितलं: यंत्र काय करतं, चुंबकाने काय होतं, छाती का वाजते, लोखंड लांब ठेवायला का सांगतात. शाळेत सांगते तसंच. महाराज उठून आत जायला निघाले, तेव्हा चंदा बोलली. तिचा आवाज लहान होता, पण अंगण शांत होतं.

"महाराज, माह्या घरवाल्याची छाती बी अशीच वाजली होती. तुमी म्हनले, भानामती मेली. मंग तो काऊन मेला?"

चंदा उत्तराची वाट पाहत तशीच उभी राहिली. ओट्यावरची आजारी बाई हळूच उठली आणि आपल्या मुलीचा हात धरून खाली उतरली.

पुढे पोलिसांत तक्रार झाली. चौकशीत कळलं की महाराज पूर्वी लग्नांत साउंडचं काम करायचा. एका लग्नात छातीत यंत्र असलेला कुणी पाहुणा त्याच्या मोठ्या स्पीकरला टेकून उभा राहिला आणि त्याची छाती वाजली. तेवढ्यावरून हे सगळं सुचलं. "याने माणूस मरतो हे मला माहीत नव्हतं," असं त्याने लिहून दिलं. मला ते खरं वाटतं. त्याने कधी कुणाला विचारलं नव्हतं.

मठ बंद आहे. मठात जाणारे सगळेच शहाणे झाले असं नाही. काही जण आता दुसरीकडे जातात. सासूबाई अजून म्हणतात, शिळेत काहीतरी होतंच. मी वाद घालत नाही. सांडशी त्यांच्याच हातात देते, स्वतः लावून पाहा म्हणून.

किरण दिल्याला आठ महिने झाले. पहिल्या दीड महिन्यात व्यंकटेशला दोन धक्के बसले, त्यानंतर एकही नाही. मधे कोरडा खोकला झाला, त्यासाठी गोळ्या वाढवाव्या लागल्या. सूज पुन्हा येऊ शकते, म्हणून तपासण्या चालू आहेत. मागच्या भेटीत मी देवश्रींना विचारलं, "बरे झाले म्हणायचं का?" त्या म्हणाल्या, "आजपर्यंत ठीक आहेत, असं म्हणायचं." पूर्वी असल्या उत्तराने माझा जीव घाबरला असता. आता मला त्याच उत्तरावर विश्वास वाटतो, कारण ते यंत्रातल्या नोंदीशी ताडून पाहता येतं.

माझ्या आत जे बंद पडलं ते अजून नीट चालू झालेलं नाही. पण त्यासाठी थांबून राहता येत नाही, म्हणून हे लिहिलं. घरात दुखणं फार दिवस राहिलं की माणूस थकतो, आणि थकलेल्या माणसाला खात्री देणारा कुणीही चालतो. हे शिकलेल्यांचंही होतं. माझं झालं. म्हणून तुमच्या घरात, शेजारी, कुणाच्या छातीत असं यंत्र असेल, तर त्यावर शिळा, ताईत, पट्टा, काहीही बांधू देऊ नका. आणि कुणी म्हटलं की अमुक दिवसांत नक्की बरं करतो, तर त्याला तीन गोष्टी विचारा. हे कसं होतं? आधी कोण बरं झालं, त्यांचा पत्ता काय? आणि नाही झालं, तर तुम्ही काय कराल? जो रागावेल त्याच्या दारातून परत या. जो "मला नक्की सांगता येत नाही, पण आपण पाहू" म्हणून कागद काढून बसेल, त्याच्यापुढे बसा.